पेनड्राइव्ह शाळेत नेण्याआधी: खरेदीपासून सबमिशनपर्यंत, क्रमाने

प्रोजेक्ट जमा करायच्या दिवशी लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला की चार तक्रारी ठरलेल्या असतात. फाइल दिसतच नाही. दिसते पण उघडत नाही. उघडते पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. किंवा मग कॉम्प्युटर थेट म्हणतो, ‘हा ड्राइव्ह फॉरमॅट करा.’ मग ‘काल घरी चालत होतं’ हे वाक्य येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. घरी चालत होतं, कारण घरच्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल होती, फॉन्ट होता, व्हिडिओ होता. पेनड्राइव्हवर यातलं काय आलं हे कुणी पाहिलेलंच नसतं.

बाकी सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं: पेनड्राइव्ह हे दप्तर आहे, कपाट नाही. त्यात वस्तू न्यायच्या आणि आणायच्या. एकुलती एक प्रत कधीही त्यात ठेवायची नाही.

## १. घेताना काय बघायचं

आधी शाळेतल्या आणि घरच्या कॉम्प्युटरला कुठलं पोर्ट आहे ते बघा. जुन्या कॉम्प्युटरना चौकोनी टाइप-ए असतं, नव्या लॅपटॉप आणि फोनना छोटं लांबट टाइप-सी. दोन्हीशी काम पडणार असेल तर दोन तोंडांचा पेनड्राइव्ह घ्या. अडॅप्टर नको, तो नेमका हवा त्या दिवशी घरी राहतो.

किती जीबीचा? वर्ड, पीडीएफ आणि प्रेझेंटेशनसाठी ३२ जीबी भरपूर आहे. व्हिडिओचं काम असेल तर ६४ किंवा १२८ घ्या. यापेक्षा मोठा घेतला की त्यात सगळंच साठवायचा मोह होतो. पाकिटावर ६४ आणि विंडोजमध्ये साधारण ५९.६ दिसतं, यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं.

वेगाच्या बाबतीत पाकिटावरचा ‘यूएसबी ३’ हा शब्द अर्धीच गोष्ट सांगतो. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट प्रतिसेकंद, ३.० ची ५ गिगाबिट. पण स्वस्त ३.० पेनड्राइव्हही लिहिताना बरेच हळू असतात, कारण आतली मेमरी स्वस्तातली असते. पाकिटावर ‘रीड’ वेग मोठ्या अक्षरांत छापतात. तुम्ही ‘राइट’ वेग शोधा. तो कुठेच लिहिलेला नसेल तर तो फारसा चांगला नाही असं समजा.

टोपणाचा पेनड्राइव्ह घेतलात तर टोपण आठवडाभरात हरवेल, हे गृहीत धरा. दोरी अडकवायला भोक असलेला घ्या.

बाहेरची हार्ड डिस्क रोज शाळेत नेऊ नका. तिच्या आत चकती फिरते, चालू असताना धक्का बसला तर काम संपतं. ती घरच्या बॅकअपसाठी ठीक. रोज मोठे व्हिडिओ न्यावे लागत असतील तर पोर्टेबल एसएसडी बरी, तिच्यात फिरणारं काही नसतं.

## २. कोरा असतानाच खरा-खोटा तपासा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बाजारात असे पेनड्राइव्ह मिळतात की आत ८ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला मात्र १२८ सांगितलं जातं. खोटं चिपच्या नियंत्रकात भरलेलं असतं, त्यामुळे ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकडा बरोबरच दिसतो. सुरुवातीच्या फाइल नीट चालतात. खरी जागा संपली की नवी माहिती जुनीवर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही. फाइलची नावं मात्र यादीत दिसत राहतात, म्हणून फसवणूक कळायला महिने जातात.

१. पेनड्राइव्ह कोरा असतानाच विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा मॅक आणि लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत साधन चालवा.
२. पूर्ण जागा तपासायचा पर्याय निवडा. साधन आख्खा ड्राइव्ह भरतं आणि तेच परत वाचून जुळवून बघतं.
३. वेळ लागू द्या. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास जातात.
४. एकही चूक आली तर ड्राइव्ह परत करा. पावती तोपर्यंत जपून ठेवा.

सावधान: आत काही असलेल्या ड्राइव्हवर ही तपासणी करू नका. ड्राइव्ह बनावट निघाला तर आतल्या फाइलवरच लिहिलं जाऊ शकतं.

## ३. फॉरमॅट: एकदाच, पण विचार करून

फॉरमॅट म्हणजे ड्राइव्ह पुसून त्यावर फाइल ठेवायची पद्धत नव्याने आखणं. फॉरमॅटच्या खिडकीत या पद्धतींची दोन-तीन नावं दिसतात आणि मुलं पहिलं जे असेल त्यावर ‘स्टार्ट’ दाबतात. फरक मोठा आहे.

फॅट३२ जवळजवळ सगळीकडे चालतं: जुना प्रिंटर, प्रोजेक्टर, टीव्ही, कुठलाही कॉम्प्युटर. पण यात एकेक फाइल ४ जीबीपेक्षा लहान असावी लागते. ड्राइव्हवर ५० जीबी रिकामे असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो तो यामुळेच. पेनड्राइव्ह खराब झालाय असं समजून तो फेकणारे लोक आहेत.

एक्सफॅट मध्ये ही अडचण नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं. मात्र काही जुनी यंत्रं त्याला ओळखत नाहीत.

एनटीएफएस विंडोजसाठी उत्तम, पण मॅकवर वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय फक्त वाचता येतं. घरी विंडोज आणि शाळेत मॅक असेल तर मुलगा फाइल उघडू शकतो, दुरुस्त करून तिथेच सेव्ह करू शकत नाही, आणि का ते त्याला कळत नाही.

माझं मत: शाळेसाठी एक्सफॅट. फक्त शाळेतला टीव्ही किंवा प्रिंटर जुना असेल आणि पेनड्राइव्ह थेट त्यालाच लावायचा असेल, तर फॅट३२.

विंडोजवर ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, एक्सफॅट, ‘अलोकेशन युनिट साइज’ आहे तसं, ‘क्विक फॉरमॅट’ला टिक. नावाच्या चौकटीत छोटं, ओळखू येईल असं नाव द्या. लॅबमध्ये एकाच कॉम्प्युटरला तीन ड्राइव्ह लागलेले असतात आणि तिन्हींची नावं ‘यूएसबी ड्राइव्ह’ असतात, तेव्हा या नावाची किंमत कळते. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’मध्ये आधी ‘व्ह्यू’मधून सगळी डिव्हाइस दाखवा, सगळ्यात वरची ओळ निवडा आणि ‘स्कीम’मध्ये ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ठेवा. जुन्या यंत्रांना ते सोपं जातं.

सावधान: ‘स्टार्ट’ दाबण्याआधी ड्राइव्हचं अक्षर आणि आकार दोन्ही वाचा. घरच्या हार्ड डिस्कचा दुसरा भाग फॉरमॅट होण्याचे प्रसंग याच क्षणी घडतात.

## ४. आत काय ठेवायचं

विषयवार फोल्डर करा, पण एकाच्या आत एक असे दोनपेक्षा जास्त नकोत. फाइलच्या नावात इयत्ता, विषय, काम आणि आवृत्ती या क्रमाने लिहा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशी नावं ठेवणाऱ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचं फळ मिळतं. नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं. आत मजकूर मराठी असू दे, पण जुन्या टीव्हीच्या किंवा प्रिंटरच्या यादीत देवनागरी नावं नीट दिसतीलच असं नाही. नावात तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह वापरू नका. विंडोज ते घेतच नाही.

सगळ्यात वर एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: ‘हरवल्यास’. त्यात मुलाचं पहिलं नाव आणि पालकांचा एक फोन नंबर पुरे. घरचा पत्ता नको.

ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती, गुणपत्रिका, पासवर्डची यादी, घरचे फोटो यातलं काहीही शाळेच्या पेनड्राइव्हवर नको. न्यावंच लागलं तर सेव्हन-झिप या मोफत साधनाने पासवर्ड घालून, एईएस-२५६ हा (मजकूर सांकेतिक करून टाकणारा) पर्याय निवडून बंद करा. विंडोजच्या प्रो किंवा एज्युकेशन आवृत्तीत ‘बिटलॉकर टू गो’ने आख्खा ड्राइव्ह कुलूपबंद करता येतो. होम आवृत्तीत असा ड्राइव्ह उघडता येतो, नव्याने बनवता येत नाही. मॅकवर तो साध्या मार्गाने उघडतही नाही, म्हणून शाळेत काय आहे ते आधी बघा.

## ५. फाइल प्रवासाला तयार करणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि दोष पेनड्राइव्हवर जातो.

शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो ती फाइल नसते, फाइलकडे जाणारा रस्ता असतो. तो कॉपी केला तर शाळेत रस्ता उघडतो आणि पुढे काहीच नसतं. फाइलचा आकार बघा. वीस फोटोंचं प्रेझेंटेशन २ केबीचं असू शकत नाही.

क्लाउडवरची फाइल. गुगल डॉक्सची फाइल कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून उचलली तर हातात फक्त दुवा येतो. ब्राउझरमध्ये उघडून ‘फाइल’, ‘डाउनलोड’ असं जाऊन वर्ड किंवा पीडीएफ घ्या.

फॉन्ट. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना समजणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. नवं काम युनिकोडमध्येच करा. प्रेझेंटेशनमध्ये वेगळा फॉन्ट वापरलाच असेल तर विंडोजवर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे फॉन्ट फाइलमध्येच घालायचा पर्याय आहे. काही फॉन्टना त्यांच्या परवान्यामुळे हे चालत नाही. त्यामुळे संपादनाच्या फाइलसोबत पीडीएफ न्यायचीच. पीडीएफमध्ये अक्षरं सहसा जागची हलत नाहीत.

व्हिडिओ आणि आवाज. स्लाइडमध्ये व्हिडिओ ‘इन्सर्ट’ केला आहे की ‘लिंक’ केला आहे? लिंक असेल तर घरचा कॉम्प्युटर सोडून तो कुठेच चालणार नाही. खात्री नसेल तर व्हिडिओची फाइल त्याच फोल्डरमध्ये वेगळीही ठेवा. व्हिडिओ एडिटरची ‘प्रोजेक्ट’ फाइल नेणं हीसुद्धा अशीच चूक. तिच्यात क्लिप नसतात, त्या कुठे ठेवल्यात याची नोंद असते. ‘एक्सपोर्ट’ करून एमपी४ न्या.

तपासणी: घरच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि मग पेनड्राइव्हवरची फाइल उघडा. लिंक तुटलेल्या असतील तर त्या इथेच उघड्या पडतात. तपासून झालं की नाव पूर्ववत करा.

## ६. कॉपी करण्याचा क्रम

१. फाइल सेव्ह करा आणि वर्ड किंवा पॉवरपॉइंट बंद करा. उघड्या फाइलची कॉपी घेतली तर शेवटचे बदल तिच्यात नसू शकतात.
२. ‘कट’ कधीच नाही, ‘कॉपी’च. मध्येच वीज गेली तर मूळ जागेवर असायला हवं.
३. शेकडो छोट्या फाइल असतील तर आधी झिप करा. एक मोठी फाइल झपाट्याने जाते, हजार बारक्या रेंगाळतात.
४. हिरवी पट्टी संपली तरी दिवा लुकलुकत असेल तर थांबा.
५. इजेक्ट करा, म्हणजे ओढून काढण्याआधी कॉम्प्युटरला ‘ड्राइव्ह काढतोय’ असं सांगा: ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक, ‘इजेक्ट’.

इजेक्टबद्दल वाद घालणारे भेटतात. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सोय आहे, म्हणजे कॉम्प्युटर लिहायचं काम सहसा मागे ठेवत नाही, हे खरं. पण शाळेतल्या कॉम्प्युटरची सेटिंग तुम्हाला माहीत नसते, मॅकवर हा नियम लागू नाही, आणि फाइल खरोखर लिहिली जात असताना ओढला तर कुठलीच सेटिंग वाचवत नाही. तीन सेकंदांचं काम आहे, करा. ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं आलं तर सगळ्या खिडक्या बंद करा, तरी हटत नसेल तर कॉम्प्युटर शट डाउन करूनच काढा.

तपासणी: काढलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावा, आणि फाइल त्यावरूनच उघडून शेवटच्या पानापर्यंत जा. जमल्यास दुसऱ्याच कॉम्प्युटरवर किंवा फोनवर. नाव दिसणं म्हणजे फाइल असणं नव्हे, हे दुसऱ्या पायरीत पाहिलंच. त्यानंतर पीडीएफची एक प्रत स्वतःलाच ईमेल करा. सगळं फसलं तरी ही प्रत उभी राहते.

## ७. शाळेत पोचल्यावर

पेनड्राइव्ह लावला की आधी फाइल त्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर कॉपी करा आणि ती उघडा. पेनड्राइव्हवरची फाइल थेट उघडून तासभर टाइप करू नका. शेजारच्याचं कोपर लागलं, पोर्ट सैल असलं, की सेव्ह अर्धवट राहतं. झिप असेल तर आधी ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा. झिपच्या आतूनच उघडून केलेले बदल अनेकदा भलत्याच तात्पुरत्या जागी जातात आणि नंतर सापडत नाहीत.

काम संपल्यावर: सेव्ह, फाइल बंद, परत पेनड्राइव्हवर नव्या आवृत्तीच्या नावाने कॉपी, इजेक्ट, ड्राइव्ह खिशात. मग डेस्कटॉपवरची आपली प्रत काढून टाका आणि रिसायकल बिन रिकामा करा. हा क्रम उलटा केला की काय होतं ते सांगायला नको.

लॅबमधून व्हायरस घरी येतो तो बहुधा या रूपात: सगळे फोल्डर गायब, त्याच नावांचे शॉर्टकट तयार. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, तोच सापळा असतो. आतल्या फाइल सहसा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. घरच्या कॉम्प्युटरवर ‘व्ह्यू’मध्ये फाइलची एक्स्टेन्शन (नावाच्या टोकाला फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) कायम दिसती ठेवा. नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ (ही प्रोग्रॅमची खूण) असलेला ‘प्रोजेक्ट’ हा प्रोजेक्ट नसतो, चिन्ह पीडीएफचं असलं तरी.

सावधान: बाकाखाली सापडलेला पेनड्राइव्ह ‘कुणाचा आहे बघू’ म्हणून लावू नका. शिक्षकांकडे द्या.

## ८. घरी परतल्यावर

आधी अँटीव्हायरसने स्कॅन, मगच फाइल उघडायची. मग नवी आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर घ्या. जुनीवर लिहू नका, शेजारी ठेवा. दोन्हीतली ताजी कुठली हे तारखेवरून ठरवताना जपा. लॅबच्या कॉम्प्युटरचं घड्याळ अनेकदा चुकीचं असतं, म्हणूनच नावात आवृत्ती लिहायची.

महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा बॅकअपचा जुना नियम आहे. विद्यार्थ्यासाठी तो सोपा होतो: घरचा कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह आणि क्लाउड किंवा ईमेल. वर्ष संपल्यावर पेनड्राइव्ह कपाटात टाकून ‘सगळं त्यात आहे’ म्हणू नका. फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि न वापरता पडून राहिली तर तो हळूहळू गळतो.

## ९. बिघडलाच तर

‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला: कॅन्सल. मग दुसरं पोर्ट, शक्यतो डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचं, कारण पुढची सैल झालेली असतात. मग दुसरा कॉम्प्युटर. तिथेही तेच आलं तर ड्राइव्हवर काहीही लिहू नका. विंडोजची ‘एरर चेकिंग’सुद्धा आता नको. ती दुरुस्ती करताना लिहिते.

‘फोटोरेक’ किंवा ‘रेकुव्हा’सारख्या साधनाने फाइल काढून घ्या, आणि त्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. फोटोरेक फाइलची मूळ नावं देत नाही, त्यामुळे नंतर एकेक उघडून बघायची तयारी ठेवा. चुकून डिलीट केलेल्या फाइललाही हाच उपाय. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. मॅकवर उलट होतं. फाइल ड्राइव्हवरच्याच लपलेल्या फोल्डरमध्ये बसते आणि कचरापेटी रिकामी करेपर्यंत जागा अडवते.

शॉर्टकट व्हायरस असेल तर आधी स्कॅन करून तो काढा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या संरक्षित फाइल दाखवायचे दोन्ही पर्याय चालू करा, फक्त आपली कागदपत्रं उचला आणि पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करा.

‘राइट प्रोटेक्टेड’ आलं तर बाजूला छोटी सरकपट्टी आहे का बघा. मोठ्या आकाराच्या मेमरी कार्डला ती असते, थोड्या पेनड्राइव्हनाही. ती नसेल तर चिपने बिघाड ओळखून स्वतःच लिहिणं बंद केलेलं असू शकतं. वाचता येतंय तोवर सगळं काढून घ्या आणि ड्राइव्ह बाद करा. असा ड्राइव्ह ‘दुरुस्त’ करून पुन्हा वापरात आणण्यात अर्थ नाही.

धाकट्या भावंडाला किंवा वर्गमित्राला जुना पेनड्राइव्ह द्यायचा असेल तर ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढून फॉरमॅट करा. क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते, फाइल वर सांगितलेल्या साधनांनी परत मिळतात. टिक काढली की विंडोज सगळ्या जागेवर शून्यं लिहितं. त्याला वेळ लागतो, तो लागू द्या, आणि ‘हरवल्यास’ फाइलमध्ये नव्या मालकाचा नंबर घाला.